घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना गुणात्मक आरोग्य संशोधनात सहभागी करून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामुदायिक वैद्यकशास्त्र, परिचर्या, समाजकार्य आणि मानसशास्त्र या विषयांत प्रबंध लिहिणारे विद्यार्थी आणि लहान संस्थांतून आरोग्यविषयक अभ्यास करणारे कार्यकर्ते यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे महाराष्ट्रातील आहेत आणि ती प्रामुख्याने स्मृतिभ्रंश, पक्षाघात, कर्करोग आणि दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या घरांमधील आहेत. गुणात्मक संशोधन म्हणजे आकडे मोजण्याऐवजी मुलाखतींतून लोकांचे अनुभव समजून घेणारे संशोधन. त्यातील मुलाखतीचे तंत्र आणि विश्लेषण यांत आम्ही शिरलेलो नाही. मुलाखतीसाठी योग्य व्यक्ती कशी शोधावी आणि तिच्याकडे कोणत्या रीतीने जावे, एवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

कुटुंबातील काळजीवाहक नेमके कोणाला मानावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील व्याख्येनुसार दिव्यांग व्यक्तीची मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी, तिला आधार किंवा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती काळजीवाहक ठरते आणि त्यात आईवडील व इतर कुटुंबीयही येतात. कायद्यासाठी ही व्याख्या पुरेशी आहे. संशोधनात सहभागी निवडताना ती फार सैल पडते. एकाच घरात औषधोपचाराचे निर्णय थोरला मुलगा घेतो, पैसे धाकटा पाठवतो, बाह्यरुग्ण विभागात जावई घेऊन जातो आणि अंघोळ, डायपर, लघवीची पिशवी, नाकातल्या नळीतून भरवणे हे सगळे सून करते. व्याख्येप्रमाणे हे चौघेही काळजीवाहक आहेत. यांपैकी कोणाचा अनुभव आपल्या संशोधन प्रश्नाला हवा आहे, हे पहिला फोन करण्याआधी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

ज्या अभ्यासाचा विषय प्रत्यक्ष काळजी आणि तिचा ताण हा आहे, तेथे नाते विचारण्याऐवजी कामे विचारावीत. गेल्या आठवड्यात अंघोळ कोणी घातली, गोळ्यांचा डबा कोण भरते, कूस कोण बदलते आणि रात्री हाक मारल्यावर कोण उठते, असे चार प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. आमच्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत खरा आहे. दिवसाच्या कामांविषयी घरातले अनेक जण हक्क सांगतात. रात्रीच्या उठण्याविषयी सहसा एकाच व्यक्तीकडे बोट दाखवले जाते. पगारी मावशी किंवा ब्यूरोमार्फत आलेल्या परिचारिका हा वेगळा गट आहे. त्यांचा अनुभव मोलाचा असला तरी कुटुंबीयांच्या नमुन्यात, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या गटात, त्यांना मिसळू नये.

रुग्णालयात पोस्टर लावले, तरी एकही फोन आला नाही. काय चुकले?

बहुतेक वेळा पोस्टर ज्या व्यक्तीसाठी आहे ती तेथे येतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सोडून तिला घराबाहेर पडता येत नाही, आणि जो रिपोर्टची फाइल घेऊन रांगेत उभा असतो तो स्वतः रात्री उठणारा नसतो. दुसरे कारण मजकुराचे आहे. ‘काळजीवाहकांनी संपर्क साधावा’ असे वाचून कोणतीही सून किंवा पत्नी ते आपल्याला उद्देशून आहे असे समजत नाही. तिच्या लेखी ती सासूबाईंचे किंवा नवऱ्याचे करते आहे, इतकेच. ‘घरी कोणी अंथरुणाला खिळलेले आहे का? त्यांचे सगळे तुम्हीच करता का? आम्हाला तुमच्याशी बोलायचे आहे’ अशी तीन साधी वाक्ये अधिक काम करतात.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर आजाराचे नावही पोस्टरवर चालत नाही. भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. त्यांपैकी अनेकांचे निदानच झालेले नसते आणि घरचे लोक ‘वयोमानाने असे होतेच’ असे म्हणून दिवस काढत असतात. ‘विसरभोळेपणा वाढला आहे, घरचा रस्ता चुकतात, तेच तेच विचारतात’ असे वर्णन दिले तर ती घरे पुढे येतात. मात्र अशा वेळी निदान न झालेल्यांना अभ्यासात घ्यायचे की नाही, हे निकष ठरवतानाच स्पष्ट केलेले असावे.

पत्रक कोठे ठेवावे, याचे उत्तर घरी काय येते आणि घरून कोण बाहेर जाते यात सापडते. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, घरून रक्ताचा नमुना नेणारे प्रयोगशाळेचे कर्मचारी आणि अनामत रक्कम घेऊन खाट, वॉकर, व्हीलचेअर देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे ही ठिकाणे आम्हाला पोस्टरच्या भिंतीपेक्षा कितीतरी सरस वाटतात. साहित्य केंद्राच्या नोंदवहीत पत्ते आणि फोन नंबर असतात म्हणून ते उतरवून घेऊ नयेत. वस्तू देताना पत्रक देण्याची विनंती केंद्रचालकांना करावी आणि संपर्क कुटुंबाकडून येऊ द्यावा. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट हाही चांगला मार्ग आहे. मात्र गटात नियमित येणारी माणसे बोलायला सरावलेली आणि आजार स्वीकारलेली असतात, त्यामुळे सर्व सहभागी अशा एकाच गटातून घेतले तर अभ्यास त्या गटाचाच होऊन बसतो.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच नातेवाइकांना विचारले तर सोपे होणार नाही का?

सोपे होते, आणि अडचण तीच आहे. ज्यांच्या हातात आपल्या माणसाचे उपचार आहेत, त्यांना नाही म्हणण्याची हिंमत नातेवाइकाला होत नाही. ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ म्हणून तो मान डोलावतो. डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने फक्त एवढेच विचारावे की, असा एक अभ्यास चालू आहे, तुमचा नंबर त्यांना दिला तर चालेल का? होकार असेल तर चिठ्ठीवर नाव, नंबर आणि फोन करण्याची सोयीची वेळ लिहून घ्यावी. पुढची सगळी माहिती संशोधकाने द्यावी, आणि होकार दिला की नकार याची खबर उपचार करणाऱ्यांपर्यंत जाऊ देऊ नये. संशोधक स्वतःच त्या विभागात निवासी डॉक्टर असेल, आणि प्रबंधाच्या बाबतीत हे सर्रास घडते, तर पहिली विचारणा विभागाबाहेरच्या सहकाऱ्याकडून करवून घ्यावी.

केसपेपरवरून किंवा संगणकातील नोंदीतून नंबर काढून परस्पर फोन करणे अयोग्य आहे. तो नंबर उपचारासाठी दिलेला होता.

मुंबईतील परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बाहेरगावाहून येणारी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि अशाच इतर ठिकाणी मुक्काम करतात. तेथे काळजी घेणारी माणसे एकाच जागी भेटतात म्हणून संशोधकांना ही ठिकाणे सोयीची वाटतात. सोय आहे, पण तेथील माणूस गाव, शेत आणि मुले मागे सोडून आलेला असतो आणि पुढची तारीख कधी मिळेल या एकाच विचारात असतो. तेथे घेतलेली मुलाखत ही उपचारांसाठी परगावी आलेल्या कुटुंबाची मुलाखत आहे. तिच्यावरून घरच्या काळजीविषयी निष्कर्ष काढू नयेत.

आशाताईंमार्फत घरे शोधावीत का?

ग्रामीण भागात त्यांच्याशिवाय पान हलत नाही हे खरे आहे. कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे आरोग्य उपकेंद्राच्या नोंदीपेक्षा आशाताईंना अधिक माहीत असते. तरीही त्यांच्यामुळे होणारे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. पहिला म्हणजे त्या ज्या घरांशी चांगले संबंध आहेत तीच घरे दाखवतात, आणि भांडणाची, वस्तीच्या टोकाची किंवा दुसऱ्या समाजाची घरे वगळली जातात. दुसरा म्हणजे आशाताई सोबत आल्या की लोकांना योजना आठवते. ‘यात आमचे नाव लागेल का, काही मिळणार आहे का’ हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतोच, आणि त्याचे उत्तर गुळमुळीत दिले तर मिळालेला होकार खोट्या आशेवर उभा राहतो. यातून कोणतीही योजना, अनुदान किंवा प्रमाणपत्र मिळणार नाही, असे पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत सांगावे. काही जण त्यानंतर नकार देतील, तो मान्य करावा.

मानसिक आजार, एचआयव्ही किंवा व्यसन यांच्याशी संबंधित अभ्यासात मात्र आशाताईंकडून घर दाखवून घेऊ नये. संस्थेची पाटी लावलेली गाडी दारात उभी राहिली तरी शेजाऱ्यांना जे कळायला नको ते कळते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ नुसार तर व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. अशा वेळी उपचार केंद्रातील समुपदेशकामार्फत निरोप द्यावा आणि भेट घरापासून दूर ठेवावी.

फोन पती किंवा मुलगा उचलतो आणि ‘जे विचारायचे ते मला विचारा’ म्हणतो. अशा वेळी काय करावे?

सहभागी मिळवण्याच्या कामातील हा सर्वांत अवघड टप्पा आहे, आणि त्यावर एकच ठरावीक उपाय नाही. फोन उचलणारा माणूस अडवणूक करतो आहे असे गृहीत धरू नये. घरातल्या बाईला अनोळखी माणसाने फोन का केला, ही शंका आपल्याकडे स्वाभाविक मानली जाते. त्यातच फसवणुकीच्या फोनांनी लोक धास्तावलेले आहेत. संशोधकाने स्वतःचे नाव, संस्था आणि नंबर कोठून मिळाला हे प्रथम सांगावे, पडताळणीसाठी संस्थेचा क्रमांक द्यावा आणि मग त्याच्याशीही नीट बोलावे. त्याला स्वतःलाही काही सांगायचे असू शकते. ‘तुमचे ऐकून घ्यायला मला आवडेल, पण वहिनींना दिवसभर जे करावे लागते ते त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे’ असे म्हटल्यावर बरेच जण फोन पुढे देतात.

खरी अडचण त्यानंतरची आहे. पतीने होकार दिला म्हणजे पत्नीने दिला असे होत नाही. ती ‘यांनी सांगितले म्हणून’ बसलेली असते. म्हणून घरातील कर्त्या व्यक्तीची परवानगी आणि सहभागी होणाऱ्या व्यक्तीची संमती या दोन गोष्टी स्वतंत्र ठेवाव्यात, आणि दुसरी एकांतात घ्यावी. दोन खोल्यांच्या घरात एकांत कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. सासूबाई त्याच खोलीत पलंगावर असतात, त्या बोलू शकत नसल्या तरी त्यांना सगळे ऐकू जाते, आणि सून ‘आईंचे काही जड नाही’ असे मोठ्याने सांगून नजरेने ‘नंतर बोलू’ असे सुचवते. अशा वेळी तेथेच मुलाखत रेटू नये. गच्ची, शेजारणीचे घर, मंदिराचा ओटा, अंगणवाडीची रिकामी खोली किंवा ती दळण आणायला अथवा औषधे घ्यायला बाहेर पडते ती वेळ, यांपैकी काय जमेल ते तिलाच विचारावे. शक्यतो स्त्री सहभागींशी स्त्री संशोधकाने बोलावे. ज्या अभ्यासात शरीरस्वच्छतेचा किंवा पतिपत्नी संबंधांचा विषय येणार आहे तेथे तर ही अट निकषाइतकीच महत्त्वाची मानावी.

मुलाखतीच्या वेळी दुसरे कोणी हजर होते का, हे अहवालात लिहावे लागते. घर लहान होते म्हणून ते लपवण्याचे कारण नाही.

काळजी घेणाऱ्याची मुलाखत घेताना रुग्णाचीही संमती लागते का?

मुलाखत देणारी व्यक्ती स्वतःविषयी बोलता बोलता रुग्णाच्या आजाराविषयी, शौचाविषयी, रागाविषयी आणि पैशांविषयीही बोलते. रुग्णाला समज असेल तर त्याला अभ्यासाची कल्पना द्यावी आणि त्याची हरकत नाही ना, हे विचारून नोंदवावे; तो नको म्हणाला तर आमच्या मते त्या घराचा आग्रह सोडावा. समज पूर्णपणे गेलेली असेल तर काय करावे, हे संशोधकाने मनाने ठरवू नये, संशोधनाची नैतिक बाजू तपासून मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीपुढे ठेवावे. रुग्णाच्या फाइलमधून निदान किंवा तपासण्यांची माहिती घ्यायची असेल तर तो वेगळा विषय होतो. त्यासाठी रुग्णाची, किंवा कायदेशीर अधिकार असलेल्या प्रतिनिधीची, स्वतंत्र संमती लागते.

संमतीपत्रावर सही करायला लोक घाबरतात. तोंडी होकार चालेल का?

भीती निराधार नाही. ज्या घरात म्हातारा माणूस अंथरुणाला आहे, तेथे जमीन, घर आणि मृत्युपत्र यांविषयी कुजबुज चालू असते, आणि बाहेरून आलेल्या माणसाने कागदावर सही किंवा अंगठा मागितला की सर्वांचे कान टवकारतात. म्हणून कागद बाहेर काढण्याआधी माहिती तोंडी सांगावी, मग माहितीपत्रक वाचून दाखवावे, आणि सही कशासाठी आहे व कशासाठी नाही हे घरातील इतरांच्या समोरच स्पष्ट करावे. वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत, अभ्यासाशी संबंध नसलेला आणि वाचता येणारा निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. हा साक्षीदार घरातील कर्ता पुरुष नसावा, हे आम्ही आमच्या पदरचे जोडतो. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची मुभा हवी असल्यास ती समितीकडून आधी मिळवावी.

सही केलेल्या कागदाची प्रत सहभागी व्यक्तीला द्यायची असते. ती घरी ठेवणे तिला अडचणीचे असेल, तर ती कोठे आणि कशी द्यावी हे तिला विचारावे.

नुसती मुलाखत घ्यायची आहे, कोणतेही औषध द्यायचे नाही. तरी नैतिकता समितीची मान्यता हवी का?

होय. परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे सामाजिक आणि वर्तनविषयक आरोग्य संशोधनालाही लागू आहेत. नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ आल्यापासून आरोग्य संशोधनाची छाननी करणाऱ्या समित्यांना केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे आपली समिती नोंदणीकृत आहे ना, हे अर्ज करण्याआधी पाहावे. जोखीम किमान असेल तर जलद छाननी मिळू शकते, पण छाननीचा प्रकार समिती ठरवते.

विद्यार्थी प्रश्नावली जोडतात आणि सहभागी शोधण्याची साधने जोडायला विसरतात. पोस्टर, पत्रक, फोनवर म्हणायची वाक्ये, व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, डॉक्टरांनी द्यायची चिठ्ठी, हे सगळे मराठीत, जसे वापरले जाणार आहे तसे, अर्जासोबत द्यावे. इंग्रजी मसुदा मंजूर करून घेऊन मग त्याचे घाईघाईने भाषांतर केले की ‘सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा आहे’ अशी वाक्ये तयार होतात, आणि ‘नाही म्हणालात तरी चालेल, उपचारात काही फरक पडणार नाही’ हे साधे वाक्य राहून जाते.

सहभागींना पैसे द्यावेत का?

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देणे योग्य आहे. रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ तिच्यासाठी कोणी होकार द्यावा. ती समितीने मान्य केलेली असावी. हा नियम झाला. व्यवहारात अडचणी निराळ्या असतात. यूपीआयने पाठवलेले पैसे अनेकदा पतीच्या खात्यात जातात आणि त्यांचा संदेशही त्याच्याच फोनवर येतो. रोख पाकीट दिले तर लेखा विभाग नाव, सही आणि पत्ता असलेली पावती मागतो, आणि ज्या व्यक्तीचे नाव आपण मुलाखतीच्या प्रतिलेखनातून (ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढलेल्या मजकुरातून) काळजीपूर्वक काढून टाकले आहे, ते लेखापरीक्षणाच्या फाइलमध्ये आजाराच्या शीर्षकाखाली कायमचे राहते. म्हणून पावतीवर अभ्यासाचे पूर्ण शीर्षक न लिहिता सांकेतिक क्रमांक लिहिण्याची व्यवस्था लेखा विभागाशी बोलून, आणि तीही निधी येण्याआधी, करून घ्यावी.

पैशांपेक्षा उपयोगी पडते ती दोन तासांची सुटका. मुलाखतीच्या वेळात रुग्णाजवळ बसण्यासाठी अनुभवी मावशीची तरतूद अंदाजपत्रकात केली तर नकाराचे सर्वांत मोठे कारणच दूर होते. निधी देणाऱ्यांना ही बाब समजावून सांगावी लागते, कारण त्यांच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नसतो. मात्र जेथे रुग्ण अनोळखी माणसाला पाहून बिथरतो, तेथे हा उपाय लागू पडत नाही. अशा घरात फोनवरून, तुकड्यातुकड्यांत मुलाखत घेणे बरे.

किती सहभागी पुरेसे आहेत?

मार्गदर्शकांना आकडा हवा असतो, आणि गुणात्मक संशोधनात आकडा आधी सांगणे अवघड असते. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ मध्ये घाना व नायजेरियातील साठ मुलाखतींच्या आधारे दाखवले की बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींत येऊन गेले होते. हेनिंक आणि कायझर यांनी २०२२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात हा पल्ला नऊ ते सतरा असा आला. हे आकडे एकसारख्या गटासाठी आणि मर्यादित प्रश्नासाठी आहेत. सुना, पत्नी, मुलगे आणि आईवडील असे चार प्रकारचे काळजीवाहक घेऊन प्रत्येकी तिघांशी बोलल्यास एकूण बारा होतात, पण त्या बारांचा वरील बारांशी काही संबंध राहत नाही. ब्राउन आणि क्लार्क यांच्यासारख्या अभ्यासकांनी संपृक्ततेच्या, म्हणजे पुढच्या मुलाखतींतून नवे काही मिळेनासे होते या, कल्पनेवरच आक्षेप घेतलेला आहे. आराखड्यात एक पल्ला द्यावा, त्यामागचे कारण लिहावे आणि विश्लेषण चालू असतानाच पुढच्या व्यक्ती निवडाव्यात.

पुरुष काळजीवाहक मिळत नाहीत. नमुना एकांगी होतो का?

ते प्रत्यक्षातही कमी आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के महिला आणि २१.४ टक्के पुरुष घरातील सदस्यांची काळजी घेण्याच्या कामात सहभागी असल्याचे आढळले. सहभागी महिला त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देत होत्या आणि पुरुष ७४ मिनिटे. यात मुलांच्या संगोपनाचाही समावेश आहे, त्यामुळे रुग्णसेवेपुरते हे आकडे जसेच्या तसे वापरू नयेत. तरीही निम्मे पुरुष मिळवण्याचा अट्टहास कशासाठी, हा प्रश्न उरतोच. निवृत्तीनंतर पत्नीचे सगळे करणारे पती आणि आईसाठी नोकरी सोडलेले अविवाहित मुलगे समाजात आहेत. ते स्वमदत गटात फारसे येत नाहीत, पण सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर, निवृत्तांच्या संघात आणि औषधांच्या दुकानात सापडतात. ‘तुमच्या भावना सांगा’ असे म्हटल्यावर ते गप्प होतात आणि ‘दिवसाचे वेळापत्रक कसे बसवले आहे’ असे विचारल्यावर तासभर बोलतात.

ठरलेल्या वेळा वारंवार मोडतात. हे नकार समजावेत का?

नाही. रुग्णाला ताप आला, मावशी आली नाही, पाहुणे आले, पाणी आले. वेळ मोडण्याची कारणे अशीच असतात. मुलाखतीच्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी फोन करावा, आणि त्या फोनमध्ये ‘आज जमेल का’ याआधी ‘घरी सगळे ठीक आहे ना’ हे विचारावे. दोनदा वेळ मोडल्यावर आपण होऊन सांगावे की, नको असेल तर तसे म्हणा, मला वाईट वाटणार नाही. मराठी घरांत स्पष्ट नकार देणे उद्धटपणाचे समजले जाते, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे वाक्य तीन वेळा आले की तो नकारच आहे असे समजून थांबावे.

वेळापत्रक संशोधकाच्या सत्रावर बेतलेले असते आणि घरांचे वेळापत्रक वेगळे असते. शहरात दुपारी दोन ते चार, रुग्ण जेवून झोपल्यावरची वेळ बहुधा मोकळी मिळते. विदर्भ आणि मराठवाड्यात जूनमधील पेरणी व ऑक्टोबरातील सोयाबीनची काढणी या काळात कोणालाही बोलावू नये. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्या काळात गावात राहिलेली म्हातारी माणसेच एकमेकांचे बघत असतात. थंडीत केलेला अभ्यास आणि उन्हाळ्यात केलेला अभ्यास यांत तेथे काळजी घेणारी व्यक्तीच बदललेली आढळते, म्हणून प्रत्येक मुलाखतीचा महिना नोंदवावा.

व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आणि परदेशातील मुलांकडून सहभाग मिळवता येईल का?

गटात संदेश टाकण्यापूर्वी गटचालकाची परवानगी घ्यावी आणि ‘गटात उत्तर देऊ नका, खालील क्रमांकावर थेट कळवा’ असे पहिल्याच ओळीत लिहावे. अन्यथा कोणीतरी सर्वांसमोर ‘माझ्या बाबांना आहे’ असे लिहून मोकळे होते. संशोधनासाठी वेगळे सिमकार्ड ठेवावे. मानधनाची रक्कम संदेशात लिहिल्यास तो कोठल्या कोठे पुढे पाठवला जातो आणि काळजीवाहक नसलेलेही अर्ज करतात. हा अनुभव जगभरच्या ऑनलाइन अभ्यासांत आला आहे. म्हणून आधी छोटा फोन करून दैनंदिन कामांचे दोन-चार प्रश्न विचारावेत.

अमेरिकेतून कॅमेऱ्यावर आईवर लक्ष ठेवणारा आणि ब्यूरोशी भांडणारा मुलगाही काळजी घेतच असतो, परंतु तो स्वतंत्र गट मानावा. त्याला गाठणे सर्वांत सोपे असते, तो छान बोलतो, वेळ पाळतो, आणि त्यामुळे बेसावध संशोधकाच्या नमुन्यात त्याचीच गर्दी होते. परदेशात राहणाऱ्या सहभागींना तेथील विदासंरक्षणाचे (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे) नियम लागू होऊ शकतात, याची दखल समितीच्या अर्जात घ्यावी.

रुग्णाचे निधन झाल्यावर नातेवाइकांशी केव्हा संपर्क साधावा?

तेराव्याच्या आत नाहीच. त्यापुढे काही महिने जाऊ द्यावेत आणि नेमका काळ समितीशी चर्चा करून ठरवावा. वर्षश्राद्धाच्या आसपासचे दिवस टाळावेत. जी व्यक्ती रुग्णाच्या हयातीत सहभागी झाली होती, तिची पुन्हा मुलाखत घ्यायची असेल तर नव्याने संमती घ्यावी. आपल्या यादीतील रुग्ण गेला आहे हे माहीत नसताना फोन करून ‘आजोबा कसे आहेत’ विचारण्याची वेळ येऊ नये, यासाठी प्रत्येक फेरीपूर्वी उपचार केंद्राकडून खात्री करावी.

अठरा वर्षांखालील मुले काळजी घेत असतील तर?

आईच्या आजारपणात शाळा सोडलेली मुलगी हा दुर्मीळ प्रकार नाही. तिला सहभागी करून घेता येते, परंतु पालकांची संमती आणि तिचा स्वतःचा होकार, असे दोन्ही लागतात. परिषदेच्या तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांपर्यंत हा होकार तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी घ्यावा लागतो.

मुलाखतीत कोणी कोसळले किंवा घरात छळ होत असल्याचे समजले तर?

रडणे म्हणजे हानी नव्हे. अनेकांना कोणीतरी विचारले याचेच रडू येते. ध्वनिमुद्रण थांबवावे, पाणी द्यावे, आणि पुढे जायचे की नाही हे त्यांना ठरवू द्यावे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे क्रमांक माहितीपत्रकावर छापलेले असावेत, शिवाय स्थानिक समुपदेशकाशी आधी बोलून ठेवलेले असावे. दमलेली व्यक्ती कधीकधी ‘मी त्यांना बांधून ठेवते’ किंवा ‘हात उगारला गेला’ असेही सांगते. गोपनीयतेला मर्यादा कोठे पडते, हे संमती घेतानाच सांगितलेले असले तरच अशा वेळी संशोधक प्रामाणिक राहू शकतो. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे पॉक्सो कायदा, २०१२ नुसार बंधनकारक आहे. तेथे संशोधकाला निवड नाही. इतर प्रसंगी काय करायचे याची पायरीवार पद्धत समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी.

प्रबंधात सहभागी कसे मिळाले याविषयी किती लिहावे?

‘सहेतुक पद्धतीने (म्हणजे अभ्यासाला हवी तशीच माणसे मुद्दाम निवडून) पंधरा सहभागी निवडले’ अशा एका ओळीवर बहुतेक प्रबंध थांबतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय लिहावे हे सांगणाऱ्या, ३२ मुद्द्यांच्या कोरेक या यादीत निवड कशी केली, संपर्क कसा साधला, संख्या किती, आणि किती जणांनी व का नकार दिला, हे स्वतंत्र मुद्दे आहेत. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी : संपर्काचा मार्ग, फोन कोणी उचलला, किती वेळा वेळ बदलली, मुलाखत शेवटी कोणाची झाली आणि ती नाकारली गेली असल्यास नकार कोणी दिला. नकार सुनेचा होता की तिच्या वतीने दुसऱ्याचा, हा रकाना छापील नमुन्यात नसतो; तो हाताने आखून घ्यावा.